शेवटचा डास मारावा लागत नाही

सुट्टीत भोपाळला घरी गेले की एक सकाळ वन विहारची ठरलेली असते. एका बाजूला मोठा तलाव, दुसऱ्या बाजूला टेकडी, आणि मधल्या रस्त्याच्या कडेला चितळांचे कळप. सगळं मिळून जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, तेही शहराला चिकटून. गेल्या वेळी माझा धाकटा मावसभाऊ बरोबर होता. सायकल थांबवून त्याने विचारलं की यातल्या एका हरणाला साथीचा रोग झाला तर सगळ्यांना व्हायला किती दिवस लागतील. मी संख्याशास्त्र शिकते, त्यामुळे उत्तर मला यायला हवं, असा त्याचा समज. मला ते आलं नाही. नुसतं एवढं सांगून वेळ मारून नेली की हरणं मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

घरी येऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता पोचले एका जुन्या ओळखीच्या माणसापाशी. सर रोनाल्ड रॉस. शाळेत एका ओळीत शिकलेले: मलेरिया डासांमुळे होतो हे शोधून काढणारे, नोबेल १९०२. एका मार्काचा प्रश्न. पण हरणांमध्ये रोग कसा पसरतो याचं गणित आज जे मांडतात, त्यांच्या घराण्याचे मूळ पुरुषही हेच रॉस आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात त्यांच्यावर लिहायचं आणखी एक कारण आहे. या माणसाला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. त्याला कवी व्हायचं होतं.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. म्हणजे मेरठच्या उठावाला तीनच दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानातल्या लष्करात अधिकारी, पुढे जनरल झाले. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. तिथे रोनाल्ड कविता करायचा, चित्रं काढायचा, संगीतात रमायचा. वडिलांनी मात्र ठरवून टाकलं होतं की याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जायचं. १८७४ मध्ये त्याचं नाव लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या कॉलेजात घातलं गेलं. अभ्यासात लक्ष यथातथाच. वडिलांच्या इच्छेपुढे आपली आवड गुंडाळून ठेवणारी मुलं आपल्या वर्गातही आहेत, त्यामुळे हा भाग मला फार लांबचा वाटला नाही.

१८८१ मध्ये ते नोकरीत रुजू होऊन मद्रासला आले. लष्करी डॉक्टरला काम कमी, वेळ भरपूर. त्या रिकाम्या वेळात त्यांना दुसरं वेड लागलं, गणिताचं. हा विषय आता त्यांनी एकट्याने, पुस्तकं मागवून, झपाटल्यासारखा शिकून काढला. कविता आणि कादंबरी लिहिणंही चालूच होतं. बाकी डॉक्टर मंडळींना हा गृहस्थ जरा विक्षिप्तच वाटत असणार.

१८८३ मध्ये बंगलोरला असताना त्यांच्या बंगल्यात डास फार. शोध घेतला तर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या सापडल्या. त्यांनी पिंप उपडं केलं आणि खोलीतले डास जवळजवळ गेले. मग त्यांनी अधिकाऱ्यांच्या मेसमधली साठलेली पाणीही काढून टाका असं सुचवलं. तिथल्या अधिकाऱ्याने नकार दिला. डासही निसर्गाने काही हेतूने निर्माण केले आहेत, त्यात ढवळाढवळ कशाला, असं त्याचं म्हणणं. प्रसंग गमतीचा आहे, पण रॉस यांच्या पुढच्या आयुष्याचा सगळा झगडा त्यात आधीच दिसतो. डास कमी करता येतात हे त्यांना दिसत होतं, आणि करून उपयोग काय, असं विचारणारे लोक समोर होते.

त्या वेळी मलेरिया दलदलीच्या दूषित हवेतून होतो असं मानत. १८८० मध्ये लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात त्याचा परजीवी पाहिला होता, पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडं होतं. १८९४ मध्ये लंडनला रजेवर असताना रॉस पॅट्रिक मॅन्सन यांना भेटले. मॅन्सन यांनी तो परजीवी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि डासांवरचा आपला संशय बोलून दाखवला. रॉस परत आले ते हाच एक ध्यास घेऊन.

पुढची गोष्ट सिकंदराबादची. १८९५ मध्ये काम सुरू झालं, मध्येच सरकारने कॉलऱ्याच्या कामासाठी बंगलोरला धाडलं, मग उटीजवळ त्यांना स्वतःलाच मलेरिया झाला. १८९७ च्या उन्हाळ्यानंतर ते पुन्हा बेगमपेठच्या इस्पितळात आले. खोलीत प्रचंड उकाडा, आणि पंखा ओढायची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरफाड केलेले डास उडून जायचे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. हुसेन खान नावाचा एक रुग्ण डासांकडून चावून घ्यायला तयार झाला, चाव्यामागे एक आणा या दराने. २० ऑगस्ट १८९७ रोजी, ठिपकेदार पंखांच्या डासांतले शेवटचे दोन-तीनच उरले असताना, एकाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. तसे कण फक्त मलेरियाच्या परजीवीत असतात. त्या आनंदात त्यांनी देवाचे आभार मानणारी एक कविता लिहिली. कोलकात्यात ज्या ठिकाणी त्यांनी पुढचं काम केलं तिथे १९२७ मध्ये स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्या कवितेच्या ओळी दगडावर कोरल्या गेल्या. समारंभाला रॉस स्वतः हजर होते.

पण त्या ऑगस्टनंतर सरकारने काय केलं? महिन्याभरातच त्यांची बदली केली, राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे मलेरियाचे रुग्णच फारसे नव्हते. फेब्रुवारी १८९८ मध्ये ते कोलकात्याला पोचले. तिथेही मलेरियाची माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. चिमण्यांनाही मलेरियासारखा एक रोग होतो. महंमद बक्श हा त्यांचा मदतनीस डास पकडून आणायचा, पाळायचा. जुलै १८९८ मध्ये रॉस यांना परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले, आणि तेच डास निरोगी चिमण्यांना चावू देऊन त्यांनी रोग पोचवून दाखवला. म्हणजे डासातून रोग पसरतो याचा पहिला पूर्ण पुरावा माणसांतून मिळाला नाही, पाखरांतून मिळाला. माणसांमधला मलेरिया अॅनॉफिलिस डासातून कसा जातो ते त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. श्रेय कुणाचं, यावरून दोघांत जे भांडण जुंपलं ते आयुष्यभर मिटलं नाही. रॉस यांचा स्वभाव तिखट आणि मानी होता. चरित्र लिहिताना हे झाकायचं कारण नाही.

शाळेतला धडा इथे संपतो. मला खरे रॉस इथून पुढे सापडले.

१८९९ मध्ये ते हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात गेले. आता त्यांचं एकच सांगणं होतं: डास कमी करा, मलेरिया कमी होईल. आणि लगेच शंका आली, ती बंगलोरच्या मेसमधल्यापेक्षा बरीच गंभीर. एवढ्या मोठ्या देशातले सगळे डास कोण मारणार? एक उरला तरी रोग उरणारच ना? शिवाय बाहेरून उडून येणाऱ्यांचं काय? लाहोरजवळ मियां मीर छावणीत डासनिर्मूलनाचा प्रयोग झाला. काही वर्षं गटारं, डबकी बुजवली, पण मलेरिया म्हणावा तसा हटला नाही. झालं, सरकारी डॉक्टरांना हा मार्गच फोल वाटू लागला. रॉस यांचं उत्तर असं की प्रयोगाचं क्षेत्र फार लहान होतं, आणि आधी किती डास होते व नंतर किती उरले हे कुणी नीट मोजलंच नाही. मोजल्याशिवाय हरलो असं तरी कसं म्हणायचं?

पण नुसतं रागावून भागणार नव्हतं. या प्रश्नावर लाखो लोकांचं जगणं-मरणं अवलंबून होतं. इथे मद्रासच्या रिकाम्या दुपारी शिकलेलं गणित कामाला आलं.

१९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी बाहेरून येणाऱ्या डासांचा हिशेब मांडला. डास सरळ रेषेत कुठे जात नाही, इकडून तिकडे भरकटतो. त्यामुळे साफ केलेल्या वर्तुळाच्या कडेला बाहेरचे डास पुष्कळ येतील, पण मध्यापर्यंत फार थोडे पोचतील. म्हणून वर्तुळ पुरेसं मोठं हवं.

दुसरा हिशेब मॉरिशसचा. या बेटावर १८६० च्या दशकात मलेरियाची भयंकर साथ आली आणि रोग तिथेच ठाण मांडून बसला. १९०७ च्या अखेरीस रॉस तिथे गेले, आणि १९०८ च्या अहवालात त्यांनी रोगाच्या प्रसाराचं पहिलं गणित लिहिलं. सोपं करून सांगते. समजा एका रुग्णाभोवती ४८ डास आहेत. त्यातल्या चौथ्या हिश्शालाच त्याला चावायला जमतं, म्हणजे १२. परजीवी डासाच्या पोटात तयार व्हायला दिवस लागतात, तोवर तिसरा हिस्सा जगतो, म्हणजे ४. त्यातल्याही चौथ्या हिश्शालाच पुन्हा कुणा माणसाला चावण्याची संधी मिळते, म्हणजे १. थोडक्यात, ४८ डासांमागे एक नवा रुग्ण. जुना बरा होईपर्यंत नवा एक तयार झाला तर रोग आहे तेवढाच राहतो.

आता डास निम्मे करा. मग १०० रुग्णांमागे नवे ५०, त्यांच्यामागे २५, मग १२, मग ६. गावात डास गुणगुणतच आहेत, पण मलेरिया आपोआप विझत चालला आहे! म्हणजे शेवटचा डास मारावा लागत नाही. एक मर्यादा असते, तिच्या खाली आणलं की पुरे.

हे वाचताना मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. अशक्य वाटणारं काम एका भागाकाराने माणसाच्या आवाक्यात आणून ठेवलं होतं. रॉस यांना स्वतःला हे काम मोठं वाटायचं, पण वैद्यकातल्या लोकांना समीकरणं नको होती आणि गणितातल्या लोकांना डास. १९११ मध्ये मलेरिया प्रतिबंधावरच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी हा हिशेब नीट मांडला. १९१६-१७ मध्ये हिल्डा हडसन या गणिती बाईंच्या साथीने तो आणखी पुढे नेला, कुठल्याही साथीला लागू पडेल असा. दरम्यान महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट १९१४ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा रणांगणावर मारला गेला होता.

त्यांचं म्हणणं ज्याने मनावर घेतलं तो माणूस होता अँडरसन मॅकेंड्रिक. हेही इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर. तरुणपणी, १९०१ मध्ये, ते रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनच्या मलेरिया मोहिमेवर गेले होते. पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, मग आजारपणामुळे एडिनबरोला परतले. तिथे त्यांनी कर्मॅक यांच्याबरोबर १९२७ मध्ये साथीच्या गणितावरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला, जो आज प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. आणि हे गणित पडताळायला त्यांनी कुठले आकडे घेतले? आपल्या मुंबईचे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने मेलेल्यांचे आठवड्यावार आकडे. त्या आलेखातला प्रत्येक ठिपका म्हणजे कुठल्या तरी चाळीतून उचललेल्या तिरड्या. पुस्तकात तो आलेख इतका गुळगुळीत दिसतो की हे विसरायला होतं.

या निबंधात माणसांचे तीन गट आहेत: अजून लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. माणसांच्या जागी चितळ लिहा, गणित तेच राहतं. वन्यप्राण्यांचे आजचे अभ्यासक हेच करतात. फक्त त्यांची अडचण मोठी. हरणं दवाखान्यात येत नाहीत. आजारी हरीण आधी वाघ-बिबट्याच्या तोंडी जातं आणि पुरावाच संपतो. उन्हाळ्यात सगळे कळप एकाच पाणवठ्यावर जमतात, पावसाळ्यात पांगतात, म्हणून एकमेकांशी संपर्क बारा महिने सारखा नसतो. कडेच्या गावांतली गुरं जंगलात चरतात, तिथून लाळ्या-खुरकूतसारखे रोग ये-जा करतात. सेंट लुईसच्या व्याख्यानातला वर्तुळाच्या कडेचा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहतो. बारीक चिलटांतून हरणांना होणारे ब्ल्यूटंगसारखे रोग तर थेट रॉस यांच्याच समीकरणांच्या जातीचे. इतकंच काय, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्ये चक्क मलेरियाचा परजीवी आढळला, तोही अॅनॉफिलिस डासातून जाणारा. रॉस असते तर खूष झाले असते.

मर्यादेची ती कल्पना खरोखर कामाला येते का? येते. बुळकांडीचं उदाहरण घ्या. गाई-म्हशींची ही महामारी रानात शिरली की गवे, चितळ, सांबर, नीलगायी कुणालाच सोडत नसे. रानातल्या जनावरांना लस टोचत कोण फिरणार? ती टोचली नाहीच. गावोगावच्या गुरांना टोचली. गुरांमधला रोग त्या मर्यादेखाली गेला, गुरांकडून रानात जाणं थांबलं, आणि रानातल्या थोड्या जनावरांत तो एकट्याच्या बळावर टिकू शकला नाही. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला, २०११ मध्ये सगळं जग. रानातलं शेवटचं हरीण शोधावं लागलं नाही. २०१९ पासून लाळ्या-खुरकूतसाठी गुरांना देशभर लस देण्याची मोहीम चालू आहे, तिच्यामागेही विचार हाच.

नेहमी असंच होतं असं मात्र नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसलेला हरणांचा एक झिजवणारा रोग आहे. त्याचं विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं. हरणं कमी केली तरी माती रोग देतच राहते. तिथे ही मर्यादा सहज सापडत नाही. त्यामुळे समीकरण आंधळेपणाने लावायचं नसतं, आधी रोग कसा जातो हे पाहायचं असतं. रॉस यांनीही आधी डास फाडले, मग गणित मांडलं.

त्यांची अखेरची वर्षं फार सुखाची नव्हती. १९२६ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संस्था निघाली, पण लगेच पक्षाघात झाला. पैशाची ओढ होती, स्वतःची कागदपत्रं विकावी लागली. १९३१ मध्ये पत्नी रोझा गेल्या आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी आपल्याच नावाच्या त्या संस्थेत रॉस यांनी प्राण सोडला. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपली कदर झाली नाही. नोबेल मिळालेल्या माणसाने असं म्हणावं याचं मला आधी हसू आलं होतं. आता वाटतं, त्यांना जे काम सगळ्यात मोलाचं वाटत होतं, त्याची कदर खरंच व्हायची राहिली होती.

भोपाळच्या आनंदनगरमध्ये प्राण्यांच्या घातक रोगांची अतिसुरक्षित राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मेल्या, तेव्हा बर्ड फ्लूचं निदान तिथेच झालं होतं. आमच्या घरापासून ती फार लांब नाही, पण तिच्यासमोरून जाताना आत काय चालतं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वन विहारात २०१५ मध्ये कान्हातून बारशिंगे आणले, ते का, हाही नाही. १९७० मध्ये कान्हात जेमतेम ६६ बारशिंगे उरले होते. सगळे एकाच ठिकाणी ठेवले आणि एखादी साथ आली तर संपूर्ण जातच जाईल. म्हणून थोडे इथे, थोडे सातपुड्यात. हाही मोजणीतूनच आलेला शहाणपणा.

मावसभावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. किती हरणं आहेत, एक हरीण दिवसाला किती जणांजवळ जातं, रोग किती दिवस अंगात राहतो, या तीन गोष्टी कळल्या तर गणित एका पानाचं आहे. दिवाळीत जाईन तेव्हा आम्ही दोघं पाणवठ्याजवळ वही घेऊन बसणार आहोत. सुरुवात मोजण्यापासून. मंडळातल्या कविता लिहिणाऱ्या आणि गणिताला घाबरणाऱ्या मैत्रिणींनाही आग्रहाचं निमंत्रण आहे. रॉस यांना दोन्ही जमलं होतं.